दुपारची रेंज

धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं एक क्वार्टर होतं. तिथे ऊन सकाळी उशिरा यायचं आणि दुपार कलली की लगेच काढता पाय घ्यायचं. त्या क्वार्टरमध्ये एकच माणूस राहत असे. धरणाचे दरवाजे सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून सगळे त्यांना दरवाजेवाले म्हणत. निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलं होतं. पण त्या खड्ड्यात एकट्याने राहायला दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा कचेरीने त्यांनाच पुढे चालू ठेवलं. "तुम्ही म्हणजे धरणाचाच एक दरवाजा," असं साहेब म्हणायचे. "फक्त गंजत नाही एवढंच."

"गुडघे गंजलेत की," दरवाजेवाले म्हणायचे.

समोर भिंत, मागे डोंगर, त्यामुळे घरात फोनला रेंज नावालाही नव्हती. कचेरीचा एक तारेचा फोन होता, पण तो फक्त कचेरीतच वाजायचा. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर पायऱ्या चढून भिंतीवर जायचं, तिसऱ्या आणि चौथ्या दरवाजाच्या मधल्या दिव्याच्या खांबाला पाठ टेकून उभं राहायचं, म्हणजे दूरचा टॉवर फोनला सापडायचा. संध्याकाळी पाण्याची पातळी मोजायला त्यांना वर जावंच लागे. ते काम आटपलं की ते खांबाशी उभे राहत आणि शहरात राहणाऱ्या नातीला फोन लावत.

नातीला घरात सगळे खडू म्हणत. बोलायला लागायच्या आधी ती भिंतीवर लिहायला लागली होती. आता ती सात वर्षांची होती आणि भिंती सोडून वहीत लिहीत होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आजोबा तिला रोज एक कोडं घालत आणि उत्तर मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ठेवत.

"आत्ताच सांगा ना!"

"आत्ता सांगितलं तर उद्या तू कशाला उचलशील फोन?"

"उचलेन हो आजोबा. तुम्ही पण ना!"

असं बरं चाललं होतं. मग लेकीची कामाची वेळ बदलली. जावई जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरात मायलेकी दोघीच. लेकीला दुपारची पाळी मिळाली आणि शाळेतून आल्यावर, तीन वाजल्यापासून आई येईपर्यंत, खडू घरात एकटी राहू लागली. शेजारीण येता-जाता डोकावायची, पण डोकावणं म्हणजे सोबत नव्हे.

"बाबा, दुपारी तुम्ही तिच्याशी बोलत राहाल का?" लेकीने विचारलं. "तुमचा आवाज घरात असला की ती घाबरत नाही. नाहीतर दर दहा मिनिटांनी मला कामावर फोन. मुकादम माझ्याकडे असा बघतो की जणू मीच त्याचं घड्याळ चोरलंय."

दरवाजेवाल्यांनी हो म्हटलं आणि मग विचार केला. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं की पायऱ्या दिवसातून एकदाच. ती एक खेप संध्याकाळच्या पातळीसाठी राखून ठेवायला लागायची, ते काम चुकवून चालणार नव्हतं. म्हणजे दुपारची रेंज घरातच यायला हवी.

म्हणून त्यांनी फोन कंपनीकडे मागणी नोंदवली. आश्चर्य म्हणजे कंपनीचं माणूस आलं. माणूस म्हणजे एक इंजिनियर बाई. पायात चिखलाचे बूट, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, आणि बोलणं असं भराभर की धरणाचं पाणीसुद्धा मागे पडावं. तिने दोन कामगारांना घेऊन भिंतीच्या बाजूच्या डोंगराच्या नाकावर एक खांब उभा केला. त्याच्यावर पांढरी चपटी पेटी बसवली आणि खाली सोलरचं पॅनेल लावलं. क्वार्टरच्या दारातून बघितलं की तो डोंगरावर एका पायावर उभा असलेला बगळा वाटायचा.

"अगदी बगळाच आहे," दरवाजेवाले म्हणाले.

"कामही बगळ्याचंच आहे काका," ती हसून म्हणाली. "टॉवरचा सिग्नल तुमच्या खड्ड्यात उतरत नाही. हा वर उभा राहून तो झेलतो आणि वाढवून खाली फेकतो. अशी पेटी पूर्वी पण असायची. पण ती अगदी बावळट. जे कानावर पडेल ते मोठ्याने ओरडायची, गोंगाटासकट, चारी बाजूंना, दिवसरात्र. हा तसा नाही. टॉवर याला सांगतो, आत्ता इकडे तोंड कर, आत्ता तिकडे कर, आत्ता गप्प बस. सांगितल्याबरहुकूम वागतो."

"सांगितलेलं ऐकतो म्हणजे आमच्या खडूपेक्षा शहाणा."

"पहिला आठवडा चाचणी. सगळ्या दिशा सताड उघड्या. नंतर बॅटरी पुरवायची म्हणून ज्या बाजूला ज्या वेळी वापर असेल त्या बाजूला त्या वेळी तोंड. तुम्हाला काही करायचं नाही."

ती गेली आणि तीनच्या ठोक्याला घरातल्या घरात फोन वाजला. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून दरवाजेवाल्यांनी नातीचा आवाज ऐकला आणि त्यांना उगाचच पाठ टेकायला दिव्याचा खांब हवासा वाटला.

तो आठवडा कसा गेला ते त्यांना कळलं नाही. पहिले दोन दिवस दोघं सारखे बोलत होते. तिसऱ्या दिवशी बोलायचं संपलं. "आता काय?" खडूने विचारलं.

"आता तू तुझा अभ्यास कर, मी माझी भाजी चिरतो. फोन चालूच ठेवू."

"नुसता?"

"नुसता. एका घरात असलो असतो तर काय सारखे बडबडलो असतो का?"

मग तशीच रीत पडली. दोन्हीकडे फोन स्पीकरवर टाकायचा आणि आपापलं काम करायचं. तिकडून पेन्सिलीची खरखर ऐकू यायची, खोडरबर टेबलाखाली गेल्यावरचं धडपडणं ऐकू यायचं, कधी स्वतःशीच म्हटलेलं गाणं. इकडून सुरीची टकटक, कुकरची शिट्टी. मध्येच प्रश्न यायचा, "आजोबा, आहात ना?"

"आहे."

"बरं."

एवढंच. दरवाजेवाल्यांच्या घरात बायको गेल्यापासून दुसऱ्या माणसाचा आवाज झाला नव्हता. माणूस गेल्यावर त्याचं बोलणं आठवतं असं लोक म्हणतात. त्यांना आठवायची ती भांडी ठेवल्याची, पाट सरकवल्याची, खोलीत कुणीतरी असल्याची चाहूल. ती चाहूल आता दुपारची परत आली होती. पेन्सिलीच्या खरखरीने घर भरून जायचं. एकदा त्यांनी तिला बगळ्याची गोष्टसुद्धा सांगितली. "वर्गात एक मॉनिटर असतो बघ. बाई कुजबुजल्या तरी त्याला ऐकू येतं आणि मग तो मागच्या बाकापर्यंत पोचवतो. पण बाई सांगतील त्याच बाकाला."

"आणि आपण कुठल्या बाकावर?"

"आपण अगदी शेवटच्या."

"मग आपल्याकडे बघायला तो विसरला तर?"

"बाई कशा विसरू देतील?" आजोबा म्हणाले.

आठवडा संपला. आठव्या दिवशी तीन वाजले, फोन वाजला नाही. दरवाजेवाल्यांनी तो हातात घेऊन बघितला तर रेंजच्या जागी फुली. त्यांनी तो खिडकीत धरला, अंगणात धरला, हात उंच करून धरला. बगळा डोंगरावर जागच्या जागी उभा होता, जसा काही त्यांचा आणि त्याचा काही संबंध नाही. अर्धा तास वाट बघून ते पायऱ्या चढायला लागले. उन्हात भिंत तापली होती आणि गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता. वर पोचून फोन लावला.

"कुठे गेला होतात तुम्ही?" खडूचा आवाज रडून बसलेला होता.

"रेंज गेली गं बाळ. उद्या येईल."

त्या दिवशी वर गेल्यावर ते पातळीची वेळ होईपर्यंत वरच बसून राहिले. उतरायला लागले तेव्हा गुडघा चांगलाच सुजला होता. घरी येऊन बघतात तर फोनवर रेंजचे सगळे दांडे उभे. मग लक्षात आलं की खेळ उलटा चाललाय. संध्याकाळी ते भिंतीवर पातळी मोजत होते तेव्हा खाली रिकाम्या घरात रेंज आली होती, आणि ते घरी येऊन गुडघ्याला शेक देईपर्यंत निघूनही गेली. घरी माणूस नसताना येणारा आणि माणूस आलं की उठणारा पाहुणा दरवाजेवाल्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुडघा वाकेचना. तीन वाजले, साडेतीन वाजले. ते दारात बसून डोंगराकडे बघत राहिले. एकदा तर त्यांनी बगळ्याला हाक मारली. "अरे, इकडे बघ की रे!" डोंगराने तेवढं परत पाठवलं.

संध्याकाळी कसेबसे वर पोचले तेव्हा फोनवर लेकीच्या हाका साचल्या होत्या. त्यांनी उलट लावला.

"बाबा, ती खाली उतरून रस्त्यावर गेली," लेक म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. "तुमचा फोन आला नाही म्हणून दार ओढून घेतलं आणि मला शोधायला निघाली. दोन चौक ओलांडून गेली. औषधाच्या दुकानदाराने ओळखलं म्हणून बरं, नाहीतर..."

"लागलं बिगलं नाही ना?"

"नाही. पण बाबा, मी तुमच्या भरवशावर होते."

"रेंज नव्हती गं. पाय वाकत नव्हता."

"पण घरात रेंज आली म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? मशीन बसवलं म्हणालात. आठवडाभर येत होतीच की."

बगळा संध्याकाळी येतो, असं सांगितलं असतं तर लेकीला वाटलं असतं की बापाचं वय झालं.

"नणंदबाई कधीपासून म्हणतायत, तिला आमच्याकडे पाठव," लेक पुढे म्हणाली. "त्यांची तीन मुलं आहेत, घर मोठं आहे, शाळा समोर आहे. यांच्याशीही बोलले. रविवारी नेऊन सोडते. वर्षभर राहील."

"रविवारी? अगं, जरा थांब. मी कंपनीला सांगतो. दोन दिवसांत करून देतील."

"बाबा, शनिवारपर्यंत झालं तर बघू," ती म्हणाली. बघू म्हणताना तिचा आवाज थोडा मऊ झाला. "मला पण नाही हो पाठवायचं तिला."

दरवाजेवाल्यांनी तिथेच उभं राहून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगा बोलला.

"सर, तुमच्या पत्त्यावर कव्हरेज उत्तम दाखवतंय."

"कधी?"

"आत्ता, सर. या क्षणी. पूर्ण."

"आत्ता मी घरात नाहीये."

"मग सर, घरी जाऊन बघा."

"घरी जाईपर्यंत ती जाते."

"कोण जाते, सर?"

"रेंज, बाबा, रेंज! मला ती दुपारी हवी आहे."

"सर, दुपारी तुमच्या बाजूला वापर दिसत नाही."

"रेंजच नाही तर वापर कुठून दिसणार?"

तिकडे कीबोर्डची टकटक झाली. मुलगा बिचारा चांगला असावा. "सर, तक्रार नोंदवतो," तो म्हणाला. "इंजिनियर भेट देतील."

शुक्रवार गेला. शनिवारी दरवाजेवाले दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसले. संध्याकाळी वर गेल्यावर कंपनीचा निरोप आलेला दिसला की तपासणीत कव्हरेज उत्तम आढळल्याने तक्रार मिटवण्यात आली आहे. तपासणी अर्थात संध्याकाळीच झाली होती. त्यांनी परत फोन लावला, परत गाणं ऐकलं आणि परत तक्रार नोंदवली. मग लेकीला फोन लावला आणि खोटं न बोलता खरं तेवढं सांगितलं. "नाही झालं गं अजून."

"बरं बाबा," लेक म्हणाली. तिने त्यांना बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी खडू आत्याकडे गेली.

इंजिनियर बाई सोमवारी आली. दुपारचे तीन वाजत आले होते. "काका, दुसरी तक्रार माझ्याकडे आली तेव्हा कळलं. पहिली कुणी मिटवली देव जाणे," असं म्हणत ती दारातच पायरीवर बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. मग फोन काढून बघितला. तिच्याही फोनवर फुली होती.

"आत्ता नाहीये खरी."

"मी काय वेगळं सांगत होतो?"

"थांबा, बघू या." ती पडद्यावर काहीतरी चाळत राहिली. "बगळ्याला तीन बाजू आहेत. रस्त्याचं वळण, पलीकडची रोपवाटिका आणि तुम्ही. सकाळ वळणाला आणि रोपवाटिकेला दिलीय. दुपार कुणालाच नाही, तेव्हा तो झोपतो आणि बॅटरी भरून घेतो. संध्याकाळ तुम्हाला."

"मला संध्याकाळ कुणी दिली?"

"तुमच्याच फोनने. मागच्या सहा महिन्यांत तुमचा फोन कधी बोलला ते बघून टॉवरने वेळ ठरवली. रोज संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, न चुकता. म्हणजे..." ती थांबली. तिने मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीच्या माथ्यावर दिव्याचे खांब ओळीने उभे होते. "काका, संध्याकाळी तुम्ही कुठून बोलायचात?"

त्यांनी बोट दाखवलं.

तिने कपाळावर हात मारून घेतला. "आम्ही धरून चाललो की फोनचा पत्ता इथला, म्हणजे फोन इथूनच बोलतो. तुम्ही रेंज शोधत वर जायचात, आणि आम्ही समजलो की त्या वेळी तुम्हाला घरात रेंज लागते. तुम्ही घरात नसता तीच वेळ नेमकी निवडून घराला दिली."

"आणि तो आठवडा? मी घरातून बोललो की, रोज दुपारी."

"चाचणीचा आठवडा आम्ही मोजतच नाही. त्यात आमचीच माणसं सारखी फोन लावून बघत असतात, म्हणून सगळाच काढून टाकतो." ती ओशाळून हसली. "तुम्ही खरोखर घरातून बोललात तो एकच आठवडा आणि तोच आम्ही केरात टाकला. साधं तुम्हाला विचारलं असतं तरी झालं असतं. माझं चुकलं काका."

दरवाजेवाल्यांना तिचा राग आला नाही. खरं म्हणजे राग यावा अशी त्यांची फार इच्छा होती. पण ती पोरगी इतक्या मन लावून त्या पडद्यात डोकं घालून बसली होती आणि चूक सापडल्याचा आनंद आणि चूक केल्याची लाज तिच्या तोंडावर अशी मिसळून गेली होती, की त्यांना एखाद्या चांगल्या विद्यार्थिनीची वही तपासल्यासारखं वाटलं. ते आत जाऊन चहा ठेवून आले.

"झालं," ती म्हणाली. "आता माझ्या हाताने बसवली. तीन ते सहा तुमची. टॉवरने स्वतःच्या मनाने बदलायची म्हटली तरी आधी मला विचारावं लागेल. बघा, आली!"

फोनवर एकेक करून दांडे उभे राहिले.

"लावा आता नातीला," ती कपातला चहा फुंकत म्हणाली. "मी बसते. मला पण ऐकायचाय आवाज. नाव काय म्हणालात, खडू ना?"

दरवाजेवाल्यांनी फोन हातात धरला. त्या भल्या पोरीला सांगावं का, की काल ती गेली? सांगितलं असतं तर तिचा चहा तसाच राहिला असता.

"आज तिला वेळ नसेल," ते म्हणाले. "उद्या लावतो निवांत."

"नक्की हं."

ती गेली. जाताना दोनदा मागे वळून तिने हात केला. त्यांनीही केला.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगितलं, "दुरुस्त झाली गं. तीन ते सहा पक्की."

लेक म्हणाली, "बाबा, कालच सोडलंय. काल रडली, पण आज सकाळी पोरांबरोबर हसत शाळेत गेली म्हणे. लगेच परत आणली तर तिला कळायचं नाही आपण काय करतोय ते."

"नाही नाही, आणू नकोस. मी आपलं कळवलं."

"तुमचा गुडघा कसा आहे?"

"आहे. जागेवर आहे."

पुढचे दिवस ते संध्याकाळी वरून आत्याच्या घरी फोन लावत. तिथे फोनपर्यंत पोचायला खडूला तीन भावंडांमधून वाट काढावी लागे. कोडं ती ऐकायची, पण उत्तर द्यायला दुसऱ्या दिवसाची गरज उरली नव्हती. मोठा आतेभाऊ मागून लगेच ओरडून सांगायचा. "आजोबा, तो ना सगळं सांगून टाकतो!" ती तक्रार करायची, आणि तक्रार करताना हसत असायची. मग "आले, आले!" असं कुणालातरी म्हणून फोन आत्याकडे द्यायची. आत्या भल्या होत्या. तब्येतीचं विचारायच्या, हवेचं विचारायच्या.

दुपारी घरात रेंज असायची. तीनला दांडे उभे राहत आणि सहाला बसत. दरवाजेवाले फोन ओट्यावर ठेवून भाजी चिरत. एकट्यासाठी चिरायची भाजी ती किती, पण ते ती बारीक चिरत आणि वेळ काढत. सुरी थांबली की घर ऐकू यायचं. पूर्वी रेंज नव्हती तेव्हाही ते असंच शांत होतं. पण तेव्हा फोन वाजू शकत नव्हता. आता तो वाजू शकत होता आणि वाजत नव्हता, आणि या दोन शांततांमध्ये केवढं अंतर असतं ते त्यांना या वयात समजलं.

एका दुपारी तो वाजला. त्यांनी हात समोरच्या फडक्यालाही न पुसता तो तसाच उचलला.

"काका, मी इंजिनियर बोलतेय. ओळखलंत का?"

"ओळखलं की. बोला बाई."

"एक विचारायचं होतं. तुमची दुपार रिकामीच जातेय. नात बोलत नाही का हल्ली?"

त्यांनी आता हात फडक्याला पुसला. "तिचे उद्योग वाढलेत."

"हो का." तिच्याही लक्षात काहीतरी आलं असावं, कारण भराभर बोलायची ती जरा सावकाश बोलू लागली. "नाही, टॉवर सारखा विचारतोय, ही वेळ काढून घेऊ का म्हणून. मी नाही म्हणतेय. पण रोपवाटिकेतल्या बायकांनी पण मागणी केलीय. त्यांची सुट्टी दुपारची असते. तेव्हा पोरं शाळेतून घरी आलेली असतात, त्यांना फोन लावायला त्या बिचाऱ्या वळणापर्यंत चालत येतात, आणि वळणावरही दुपारी काही मिळत नाही. बॅटरी दोघांना पुरायची नाही. तुमची वेळ तुमचीच आहे काका, मी काही काढून घेत नाही. फक्त विचारतेय."

"उद्या सांगितलं तर चालेल?"

"चालेल की. कधीही सांगा."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता दांडे उभे राहिले तसा त्यांनी फोन लावला. आत्याने उचलला, मागे पोरांचा एकच गलका चालला होता. खडू धापा टाकत आली.

"आजोबा? आत्ता?"

"हो, आत्ता. काय चाललंय?"

"आम्ही किल्ला करतोय खुर्च्यांचा. माझी पहाऱ्याची पाळी आहे. काय काम होतं?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. फोन चालूच ठेवू या का गं, नुसता, असं विचारायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. ती हो म्हणाली असती. ती पोरगी मनाची मऊ होती. हो म्हणाली असती आणि फोन कुठल्यातरी खुर्चीवर ठेवून पहाऱ्याला जायच्या ऐवजी त्याच्यापाशी बसली असती.

"काही नाही," ते म्हणाले. "रेंज बघत होतो."

"आली का?"

"आली. पूर्ण आली."

"छान! मग ठेवू मी? ते आत घुसतील नाहीतर!"

"ठेव, ठेव. पळ. पहारा सोडून येतात का असं?"

फोन बंद झाल्यावर त्यांनी लगेच दुसरा नंबर लावला. उशीर केला असता तर विचार बदलला असता.

"बाई, त्या रोपवाटिकेतल्या बायकांना द्या दुपार."

"नक्की काका?"

"पोरं वाट बघत असतील त्यांची."

"आणि मग तुम्हाला कुठली देऊ? सकाळची? किंवा रात्रीची थोडी? सांगाल ती देते, खरंच."

दरवाजेवाले सकाळ आठवून बघू लागले, रात्र आठवून बघू लागले. कुठल्या वेळेला कोण त्यांना फोन करेल ते त्यांना सांगता येईना. इंजिनियर बाई तिकडे वाट बघत राहिली.

"मला संध्याकाळी वर जायचं असतंच," शेवटी ते म्हणाले. "तिथे तुमच्या बगळ्याची गरज नाही. घरातली लागली तर कळवीन."

"कळवा हं. अगदी आधी कळवा."

"कळवतो."

ते फोनकडे बघत उभे राहिले. ती कामाला पक्की होती. थोड्याच वेळात दांडे एकदम गेले आणि फुली आली. डोंगरावर बगळा तसाच उभा होता. हलला नाही की वळला नाही. त्याचं वळणं डोळ्यांना दिसायचं नसतंच. पण आता तो पलीकडे बघत असणार आणि पलीकडे कुणीतरी मातीचे हात पुसून "जेवलास का रे?" म्हणत असणार.

चिरलेल्या भाजीवर त्यांनी ताट झाकलं. पातळी मोजायला बराच अवकाश होता, पण चढायचं एकदाच, तर आत्ताच चढून वर बसावं असं त्यांनी ठरवलं. पायऱ्यांवर ते दोनदा टेकले. वर वारा होता, पाणी भिंतीला लागून सावकाश हलत होतं. खांबापाशी येऊन त्यांनी पाठ टेकली आणि फोन काढून बघितला. रेंज होती. त्यांनी तो खिशात ठेवला. संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता.